तपासणीचा चहा

अरे, उषाबाईंनी काय केलं ऐका तर! तापीच्या पुरात घर गेलं, नवरा त्याआधीच वारलेला, पदरात तीन पोरी, राहायला पत्र्याचं खोपटं. निराधार कुटुंबांसाठी भेस्तान भागात सरकारी खोल्या झाल्या, बाईंनी अर्ज केला. तपासणीला साहेब येणार कळलं, तशी बाईंची धांदल! घरी पाहुणा येणार म्हणजे मान राखायलाच हवा ना! शेजारपाजारून खुर्ची आणली, पितळी डबे मागितले, नक्षीची कपबशी तर कामावरच्या मुकादमाकडून! साहेबांनी चौफेर पाहिलं, पेन काढलं. “बेन, तुमचं तर मजेत चाललंय. खोली गरजवंताला द्यायचीये.” उषाबाई पेचात पडल्या. खरं सांगावं तर अब्रू जाते, गप्प बसावं तर छप्पर! थोरली पुटपुटली, “वं माय, सांग ना!” बाईंनी पदर सावरला, कप पुढे केला. “आधी चहा घ्या, भाई. मग सांगते, यातलं माझं काय ते.”