उमेदवाराचा नारळ

उमेदवाराने आणलेला नारळ देवापुढे ठेवून वाड्यातले जाणते बाबाजी यांनी देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. केरीतल्या या वाड्यावर प्रत्येक निवडणुकीत हे असंच. बाबाजी देवाकडे मागणार आणि सगळा वाडा एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणणार. तेवढं म्हटलं की मतं बांधली गेली.

"वाड्यावरची सगळी मतां ह्येकाच पडांदेत रे म्हाराजा!"

पण या वेळी "व्हय म्हाराजा" उठलंच नाही. म्हाताऱ्यांनी तोंडं उघडली आणि हाताची घडी घालून उभ्या असलेल्या पोरांकडे बघून मिटली. उमेदवार हात जोडून, डोळे मिटून वाट बघत राहिला.

तेवढ्यात बाबाजींची नात क्षमा पुढे आली. तिचं हे पहिलंच मतदान.

"जो कोण आमचो डोंगर बिल्डराक विकतलो, तो खंयच्याय पक्षाचो असो, तेका ह्या वाड्यावरचा एकय मत पडू नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं. इतका वेळ ताटकळलेला उमेदवारही सवयीने सगळ्यांबरोबर ओरडून गेला, आणि मग त्याने दचकून डोळे उघडले.

बाबाजींनी नातीकडे पाहिलं. मग नारळ उचलला.

"तुमीय व्हय म्हटलात. देवान आयकला," ते उमेदवाराला म्हणाले, आणि त्याचाच नारळ त्यांनी खाडकन फोडला.