बिनतारखेची बरणी

"ह्याच्यावरची तारीख वाचा हो, वन्सं," स्टुलावर उभी असलेली वहिनी म्हणाली आणि तिने मसुराचा डबा त्यांच्या नाकासमोर धरला.

"मागच्या वर्षीची," खुर्चीत बसलेल्या वन्सं पुटपुटल्या.

"मग बाद!" डब्यातली मसूर सरसर करत पोत्यात गेली.

वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची थोरली बहीण. न्हाणीघरात घसरून उजवा हात मोडून घेतला होता, प्लास्टर पार खांद्यापर्यंत. "ताईची कोठी तेवढी आवरून दे, तिच्या जिवाला चैन नाही," असं नवरा म्हणाला आणि वहिनी एका पायावर तयार झाली. नवरा भाबडा. त्याला वाटलं, चला, दोघींचं एकदाचं जुळलं!

जुळतंय कसलं! इतकी वर्षं वन्सं माहेरी आल्या, की चपला काढून सरळ वहिनीच्या कोठीत शिरायच्या. फळ्या रिकाम्या करायच्या, डब्याडब्यावर चिकटपट्टी लावून तारीख घालायच्या. वर्ष उलटलेलं बाद, आणि ज्यावर तारीखच नाही ते सगळ्यांत आधी बाद, असा त्यांचा कायदा. वहिनीने ते सगळं मूग गिळून सोसलं. पण एकदा त्यांनी तिच्या आईची लिंबं फेकली. मिठात घातलेली, मुरून मुरून काळी झालेली, आई गेल्यावर उरलेली शेवटची बरणी. ती वस्तू जितकी जुनी तितकी चांगली, हे कळायला अक्कल लागते. वहिनी बाजारातून येऊन बघते, तर फळी पुसून लख्ख! "अगं, तारीख कुठे होती त्यावर?" वन्सं म्हणाल्या होत्या. "काळंठिक्कर पडलं होतं सगळं. विष नुसतं!" आणि वर हसल्या होत्या. त्या हसण्याचं उट्टं काढायला वहिनी आज आली होती, दुसऱ्या कशाला नाही.

पोतं भरत आलं. वन्सं खुर्चीत चुळबुळत होत्या, पण बोलणार काय? कायदा त्यांचाच.

सगळ्यांत वरच्या फळीवर, रिकाम्या डब्यांच्या मागे, जाड काचेची एक बरणी निघाली. तळाशी मूठभर चहा, आणि चहात रुतलेला लाकडी चमचा.

"ती राहू दे," वन्सं एकदम म्हणाल्या.

"तारीख नाही हिच्यावर."

"राहू दे म्हटलं ना! ह्यांच्या हातचा आहे तो."

ह्यांच्या म्हणजे भावोजींच्या. माणूस जाऊन तीन वर्षं होत आली. भावोजी चहाच्या बाबतीत महाविक्षिप्त. दोन दुकानांतून दोन जातींचा चहा आणायचे, वर्तमानपत्रावर पसरायचे आणि लाकडी चमच्याने एकत्र करत बसायचे. कुणाला हात लावू देतील तर शपथ. कुठला किती, ते बायकोलाही कधी सांगितलं नाही. ते गेले आणि त्यांच्याबरोबर ते मापही गेलं. वन्संनी तेव्हापासून चहा सोडला, हे वहिनीला ठाऊक होतं. बरणी जपून ठेवलीय हे मात्र ठाऊक नव्हतं. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला. अगदी मनापासून झाला.

"टाकू नकोस गं. मी नुसतं झाकण उघडते कधीतरी. वास घेते आणि ठेवून देते." वन्संना हात जोडायचे होते, पण जोडायला दुसरा हात मोकळा कुठे होता?

"छे छे, टाकायचा कशाला?" वहिनी साळसूदपणे म्हणाली. "कुणाच्या हातचं असं टाकून देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. वापरून टाकू."

तिने पाणी चढवलं. वन्सं खुर्ची सरकवून धडपडत उठल्या, ओट्याशी पोचल्या, तोवर बरणी पातेल्यावर उपडी झाली होती. वहिनीने तळाला थाप मारून शेवटची भुकटीसुद्धा पाडली.

पाण्याला उकळी आली आणि वास सुटला. आधी स्वयंपाकघरात, मग पॅसेजमध्ये, मग घरभर. वन्संनी पातेल्याकडे नेलेला हात मागे घेतला आणि तिथेच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. दाराकडे बघत.

"घ्या," वहिनीने कप पुढे केला. आता ही बाई कप भिंतीवर फेकणार, किंचाळणार, मला घराबाहेर काढणार, अशी तिची खात्री होती. मनातल्या मनात उत्तरंसुद्धा तयार होती.

वन्संनी डाव्या हाताने कप धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात नव्हता. त्या एकेक घोट घेत राहिल्या, तो तोंडात धरून ठेवत राहिल्या. वहिनीनेही स्वतःचा कप तोंडाला लावला. चहा फार चांगला होता. इतका चांगला असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि त्याचाच तिला राग आला.

"आणखी आहे का गं?" वन्संनी विचारलं.

"नाही. संपला."

वन्संनी मान हलवली. वहिनीने पातेलं, गाळणं आणि बरणी उचलून बेसिनमध्ये ठेवली, घासणीला साबण लावला.

"वहिनी," मागून आवाज आला, इतका बारीक, की तो वन्संचा आहे हे कळायला तिला एक क्षण लागला. "बरणी तेवढी धुऊ नकोस."

वहिनीने मागे वळून पाहिलं नाही. तिने बरणी नळाखाली धरली. पाणी आधी तांबूस आलं, मग पिवळसर. स्वच्छ येईपर्यंत तिने नळ बंद केला नाही.