टेबलाखालचं मांजर

माझी सून पोलिश. तिच्या आईशी फोनवर तासन्‌तास बोलते आणि मध्येच खुदकन हसते. मलाच हसत असणार, दुसरं काय! म्हणून मी इंग्रजीतून पोलिश शिकवणारं एक पुस्तक आणलं, गादीखाली लपवलं आणि गुपचूप धडे गिरवायला लागले.

थोडंफार कळायला लागलं, तसा संशय आणखीच वाढला. आधी दार लावून बोलणारी ही बया आता फोन घेऊन माझ्या खोलीबाहेरच बसायची. आणि बोलणं तरी काय? "आई, टेबल कुठे आहे? मांजर टेबलाखाली आहे का?" एवढी घोडी झाली, आईला कुणी असलं विचारतं का? नक्कीच सांकेतिक भाषा. टेबल म्हणजे हे घर आणि मांजर म्हणजे मी!

मुलाला सांगितलं, तर म्हणाला, "आई, तू पण ना!"

आज दाराला कान लावून उभी राहिले. सून एकेक शब्द सुटा करत, अगदी सावकाश सांगत होती, "आई, मांजर पुरे आता. सकाळी चादर बदलताना मी पुन्हा गादीखालचं पुस्तक पाहिलं. सासूबाई भूतकाळापर्यंत आल्या. आता कालच्या गप्पाही मारू या."