कापणारा हात

बाहुल्यांच्या खेळात, पडद्याच्या ज्या बाजूला सावल्या दिसतात तिथे पंचवीस खुर्च्या होत्या, माणसं नऊ, आणि सगळ्यांच्या मागे गेल्या वर्षीचाच उंच पंखा. वेनिंगने कागदावर टिपलं. पलीकडे, जिथे दलांग बसतो, वादक बसतात आणि सोयाबीनचं तळलेलं टेंपे मिळतं, तिथे दोनशेच्या वर गर्दी होती. जावातल्या या सोलो शहरातल्या लोकांना सावल्यांपेक्षा बाहुल्या नाचवणारा दलांगच बघायचा असतो. वेनिंग मात्र नेहमी इकडेच बसायची. पदार्थविज्ञान शिकून ती शहराच्या पेपरात कार्यक्रमांच्या बातम्या लिहायला लागली होती, आणि सावली खोटं बोलत नाही असं तिचं ठाम मत होतं.

"इथे कुणी बसलंय का गं?"

तिने वर पाहिलं आणि ताडकन उठली. सुतिक्नो आजोबा. वर्षभर ती त्यांच्या गल्लीला वळसा घालून ऑफिसला जात होती.

"बस, बस. पेपरवाल्यांनी स्वतः उठायचं नसतं. दुसऱ्यांना उठवायचं असतं."

वेनिंगचा चेहरा उतरला. म्हातारा खदखदून हसला आणि शेजारच्या खुर्चीत टेकला. त्याने थर्मास उघडला, दोन पेल्यांत आल्याचा काढा काठोकाठ ओतला आणि एक पेला तिच्या हातात दिला.

"गरम आहे, जपून. सांडशील."

सांडला तो तिच्याच हातून.

"आजोबा, ते मी गेल्या वर्षी लिहिलं होतं ना..."

"खरं तेच लिहिलंस. मला तरी कुठे ठाऊक होतं? चाळीस वर्षं मी पलीकडे बसलो. इकडे येऊन सावली कशी पडते ते बघायला मला सवड कधी होती? बायको म्हणायची, तुमचा हात अजून पक्का आहे. तिचं काय सांगू, तिला तर माझं गाणंसुद्धा आवडायचं."

बातमीतलं ते वाक्य वेनिंगला पाठ होतं. 'सुतिक्नो यांचा आवाज अजून भरदार आहे, पण हात आता कापतो.' बातमी आली आणि पुढच्याच बैठकीत वस्तीच्या मंडळाने वार्षिक खेळ बागासला दिला. बागास आजोबांचाच शिष्य. त्यानंतर आजोबांना कुठूनच बोलावणं आलं नाही.

तिने ते उगाच लिहिलं नव्हतं. गेल्या वर्षी याच खुर्चीत, कागद उडू नयेत म्हणून पंख्याची मान वर करून, ती पूर्ण खेळ बघत बसली होती. केळीच्या खुंटात खोचून पडद्याला टेकवलेल्या बाहुल्यांच्या सावल्या अगदी स्थिर होत्या. आजोबांनी पडद्यापासून जरा दूर, हातात धरलेल्या तेवढ्या थरथरत होत्या. मग दोष कशात असणार? चूक नव्हतीच. पण खरं बोलायचं तरी जरा हळू बोलता आलं असतं. तेवढंच तिला वर्षभर खात होतं.

"ती पेटी दिसली का, मंचाजवळची?" आजोबा म्हणाले. "वडिलांनी कोरलेल्या बाहुल्या आहेत तिच्यात. आज खेळ संपला की बागासच्या हवाली करायची. सगळ्यांसमोर."

"कायमची?"

"मग काय भाड्याने देऊ? हातच राहिला नाही, तर पेटी अडवून काय लोणचं घालू?"

"थोडं थांबा ना, आजोबा."

"थांबलो की वर्षभर. रोज सकाळी हात समोर धरून बघतो. मला मेला कंप दिसत नाही. डोळेही गेले असतील."

वाद्यांचा नाद चढला. पडदा वस्तीचा जुना, आखूड. पलीकडे टांगलेल्या, सावल्या पाडणाऱ्या दिव्यावरच्या पत्र्याच्या गरुडाचे पंख त्याच्या वरच्या काठावरून डोकावत होते. राजपुत्राची सावली आली. बागासने तिचा लांब हात उचलला. सावली रेखीव, निश्चल.

"बघ," आजोबा कुजबुजले. "दगडासारखा हात आहे पोराचा. मंडळाने बरोबर केलं."

वेनिंगला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. तिने लिहायला कागद उलटला तर तो पंख्याच्या वाऱ्याने फडफडू लागला. ती उठली, पंख्याची मान वर केली आणि परत येऊन बसली.

विदूषकांचा प्रवेश झाला. लोक खिदळले. आजोबाही हसले, सगळे विनोद त्यांचेच होते. मग राजपुत्र परत आला, त्याने हात उचलला, आणि तो कापू लागला.

आजोबांचा पेला ओठांशीच थांबला.

"याचाही?" ते म्हणाले. "अगं, तिशीचं पोर आहे ते. याला काय झालं?"

वेनिंगने खोचलेल्या बाहुल्यांकडे पाहिलं. स्थिर. हातातल्याकडे पाहिलं. थरथरत होती. मग तिची नजर पडद्याच्या काठावर गेली. पत्र्याचा गरुड दिव्यासकट वाऱ्यावर झुलत होता.

ती उठली. कागद मांडीवरून घसरले, तिने उचलले नाहीत. पंख्यापाशी जाऊन तिने दोन्ही हातांनी त्याची मान खाली दाबली. कागद खुर्च्यांखालून सैरावैरा उडाले.

गरुड हळूहळू थांबला. राजपुत्राचा हात स्थिर झाला.

सुतिक्नो आजोबा आता पडद्याकडे बघत नव्हते. खुर्चीत मागे वळून ते तिच्याकडे बघत होते.

वेनिंगने पंख्याची मान पुन्हा वर केली. हात कापू लागला. खाली केली. थांबला.