हवेतला पाय

“आई, पाय!”

आईचा उजवा पाय हवेतच थांबला. बुटाखाली वीतभर अंतरावर चिखल्या पक्ष्याचं पिल्लू वाळूला चिकटून बसलं होतं. दोन दिवसांचं, वाळूच्याच रंगाचं, लिंबाएवढं. पलीकडे पक्षीण पंख मोडल्याचं सोंग करत फरफटत होती, धोक्याला आपल्यामागे ओढू पाहत होती.

“कुठेय?” आईने विचारलं.

“अगं, तुझ्या पायाखाली!”

लेकीला रागच आला. तीस वर्षं किनाऱ्यावरचे पक्षी कॅमेऱ्यात टिपणारी ही बाई. शंभर पावलांवरून खड्यांमधलं अंडं ओळखायची, आणि लेकीला दिसलं नाही तर म्हणायची, “डोळे आहेत की बटणं?” माझ्या पुस्तकाचा शेवटचा फोटो राहिलाय, सामान उचलायला ये, असं म्हणून तिने लेकीला पाच दिवसांची रजा काढायला लावली होती. आणि आज तीच पिल्लावर पाय द्यायला निघाली होती!

आई डगमगली. वय अडुसष्ट, गळ्यात भलामोठा कॅमेरा. लेक चार पावलांवर होती, पण धावायची सोय नव्हती. तिघांतली उरलेली दोन पिल्लं याच वाळूत कुठेतरी दडली होती. लेक गुडघ्यांवर आली आणि बोटांनी वाळू चाचपत पुढे सरकली. हातभर. आणखी हातभर. आईचा पाय खाली येऊ लागला.

लेकीने झेप घेतली आणि आपला खांदा तिच्या काखेत सरकवला.

“मागे घे. अजून. हं, टेक आता.”

पिल्लू तीरासारखं सुटलं. दोघी पावलापावलाने मागे हटल्या आणि वाळूत पालथ्या पडून राहिल्या. बऱ्याच वेळाने पक्षीण परतली, तिने हाक दिली आणि कुठून कुठून पिल्लं धावत येऊन तिच्या पोटाखाली शिरली. कोवळं ऊन नेमकं त्यांच्यावर पडलं होतं.

आईने कॅमेरा डोळ्याला लावला. खटका वाजला नाही.

“आई, दाब ना! उडेल ती.”

“किती आहेत?”

“तिन्ही आहेत. पंखाखालून नुसते पाय लोंबतायत.”

आई हसली. मग तिने गळ्यातला पट्टा काढला आणि लेकीच्या गळ्यात घातला.

“आठ महिने झाले, समोरचं दिसत नाही गं मला. तू काढ,” ती म्हणाली, “आणि काढताना सांगत जा.”