म्हशींना मनाई

"वंकाभाई, तुमच्या म्हशी झऱ्यावर परत आणा," डॉ. केळशीकरबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या.

कच्छच्या रणातले ते दुर्मीळ, बोटभर मासे वाचावेत म्हणून बाईंनीच भांडूनतंडून झऱ्याला कुंपण घालून घेतलं होतं. तुडवायला म्हशी नाहीत म्हटल्यावर वर्षभरात गवत माजलं, पाणी झाकलं गेलं आणि मासे गुदमरू लागले.

"विकल्या, बेन. पाणी तुमच्या माशांना दिलंत, मग म्हशींना काय पाजू?"

बाई सलवार वर खोचून झऱ्यात उतरल्या आणि गवत तुडवू लागल्या.

"तसं नाही," वंकाभाई कुंपणाबाहेरून म्हणाला. "म्हशी पाण्यात बसायच्या."

बाईंनी चहूकडे पाहिलं. मग बसल्या.

गवत बाजूला झालं तिथे एक मासा आला आणि त्यांचं कोपर चाखून, म्हैसच आहे अशी खात्री पटल्यासारखा तिथेच थांबला.