पाच भोकं

ठाण्यात नवी पिस्तुलं आली, तसा साहेबांनी भिंतीवरचा निशाणाचा कागद बघून हुकूम सोडला, “पहिलं शिपाई रूपाला. पाचही गोळ्या मधोमध! आज छाप्यात तीच पुढं.” टाळ्या वाजल्या, नेमबाजी शिकवणाऱ्या सत्यभामाबाईंचे हात तेवढे जागचे हलेनात. सरावाच्या दिवशी कन्नडला आजीकडं ठेवलेलं रूपाचं बाळ तापानं फणफणलं होतं. “ताई, माझ्या गोळ्या तुम्हीच झाडा की. वर्षाला पाचच तर मिळतात,” म्हणत ती एसटी गाठायला पळाली. बाईंनी झाडल्या, कागदावर रूपाचं नाव घातलं. लेकुरवाळ्या पोरीसाठी एवढंही नाय करायचं? आता जीप घरघरत होती. चितेगावला दडलेल्या टोळीकडं बंदुका होत्या. रूपा खिडकीतून वाकून कुजबुजली, “ताई, ह्या नव्या पिस्तुलाचं लॉक कुठून उघडतं ओ?” बाईंनी आत जाऊन भिंतीवरचा कागद ओरबाडला, धावत येऊन जीप अडवली. “साहेब, ही पाचही भोकं माझी हायेत.”